भेंडीचा चिकटपणा घालवायचा कशाला?

ट्रॉलीवाला

मंडळी, भेंडी धुवायची, एकेक पुसायची, पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरायची आणि खडखडीत कोरडी झाली की मगच विळीवर घ्यायची, हे मी आईकडून शिकलो. झाकण ठेवायचं नाही, मीठ सगळ्यात शेवटी, आमसूल हाताशी. एवढं करूनही तार सुटली तर आई कढईकडे असं बघायची की जणू पोरगं गणितात नापास झालंय.

गेली तीन वर्षं मी बॉस्टनच्या दक्षिण टोकाला, मॅटापॅनमध्ये राहतोय. कारण एकच, भाडं. ॲशमाँटला रेड लाइन संपते, तिथून १९४० च्या दशकातली नारिंगी ट्रॉली पकडायची. ती चक्क कबरस्तानातून जाते आणि मॅटापॅन स्क्वेअरला आणून सोडते. हैती या कॅरिबियन देशातून बॉस्टनला आलेल्या लोकांची मोठी वस्ती याच भागात. ब्लू हिल ॲव्हेन्यूवर निम्म्या पाट्या त्यांच्या क्रिओल भाषेत, न्हाव्याच्या दुकानात फुटबॉल आणि रविवारी सकाळी चर्चला निघालेल्या कडक इस्त्रीतल्या आज्या.

माझ्या घराच्या कोपऱ्यावर सहा टेबलांची एक खाणावळ आहे. मालकीणबाईंना सगळे 'मातांत' म्हणतात, म्हणजे मावशी किंवा आत्या. मीही म्हणतो. काचेमागे ट्रे: भात, ग्रियो म्हणजे तळलेलं डुक्कर, चपटी करून दोनदा तळलेली कच्ची केळी, कोंबडीचा रस्सा. डाउनटाउनला सॅलडचा डबा घ्यायचा तेवढ्या पैशात इथे माझी दोन जेवणं होतात. ऑगस्ट लागला की भिंतीवरच्या फळ्यावर मार्करनं एक शब्द वाढतो: कालालू. भेंडी! न्यू इंग्लंडात ताजी भेंडी म्हणजे ऑगस्ट, सप्टेंबर आणि नशीब असेल तर अर्धा ऑक्टोबर. बाकी वर्षभर फळ्यावर कालालू नाही म्हणजे नाही.

पहिल्यांदा घेतलं तेव्हा वाटलं, बिघडलंय. हिरवट तपकिरी दाट रस, त्यात भेंडीच्या चकत्या, मांसाचे तुकडे आणि एक खेकड्याची नांगी वर आलेली. चमचा उचलला तर तार भातापासून माझ्या हनुवटीपर्यंत. मातांत काउंटरमागून बघत होती, म्हणून खाल्लं. लसूण, थाइम, लिंबू, टोमॅटो, मग हळूच मागून येणारी मिरची. आणि ती तार सगळं धरून ठेवते, भाताच्या शितावरून रस ओघळूच देत नाही. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतःहून गेलो.

तर प्रश्न असा: आपण ज्याच्याशी हयातभर झगडतो तो चिकटपणा दुसरं कोणी मुद्दाम राखतं, वाढवतं. चुकतोय कोण? आणि तुमच्या गल्लीत असं काही स्वस्त, बिनबोभाट सापडलंय का?

तिखटजाळ

एक लंबर! फोटो कुठाय? फोटोशिवाय पाककृतीचा धागा फाऊल धरण्यात येईल.

मेघना_ठाणे

जेवता जेवता धागा उघडला, चूक झाली. हनुवटीपर्यंत तार??? माझ्या सासरी भेंडीची आमटी व्हायची, पहिल्या वर्षी मी ती डोळे मिटून पाण्याबरोबर गिळायची. चिकटपणा घालवायचा कशाला हा प्रश्नच होऊ शकत नाही. घालवायचा, कारण तो बुळबुळीत असतो. विषय संपला.

गोंयकार

विषय संपूंक ना, ताई. :) आमच्याकडे पावसात सात शिरांचे भेंडे येतात, वीतभर लांब, फिकट हिरवे, बोटाएवढे जाड. सुंगटांच्या हुमणात मोठे तुकडे करून टाकायचे, वर आंबट असतंच. तार येते थोडी, येऊ दे. कोणी पंख्याखाली वाळवत बसत नाही. ही पुसापुशी घाटावरच्या लोकांनी काढलेली.

विदर्भी_वाघ

घाटावरच्यांनी नाही, ज्यांना पोळीशी भाजी खायची आहे त्यांनी. ओली भेंडी पोळीत धरून दाखवा. ट्रॉलीवाल्यांनी स्वतःच उत्तर दिलंय: 'भाताच्या शितावरून ओघळू देत नाही.' भातवाल्यांची भेंडी वेगळी, पोळीवाल्यांची वेगळी. धागा बंद करा.

अरुण_डोंबिवली

थोडं विज्ञान. चिकट द्रव म्हणजे लांब साखळ्यांच्या शर्करा, पॉलिसॅकराइड. पाणी मिळालं की फुगतात, म्हणून ओल्या सुरीनं चिरली की तार. मोठ्या आचेवर पाणी उडून गेलं की कमी होतो, आणि चिंच, आमसूल, ताक अशा आंबटानं तुटतो. तुमच्या आईचं प्रत्येक पाऊल शास्त्रशुद्ध होतं. भेंडी, जास्वंद, अंबाडी आणि कापूस एकाच कुळातले. आमची आई जास्वंदीची पानं चुरगळून केसांना लावायची, तोच बुळबुळीतपणा. डोक्याला चालतो तर पोटाला का नको?

मेघना_ठाणे

काका, शांपूपण डोक्याला चालतो.

रश्मी_टोरांटो

ट्रॉलीवाला, काहीतरी घोळ होतोय. कालालू म्हणजे पालेभाजी ना? माझी शेजारीण त्रिनिदादची. तिचं कालालू म्हणजे अळूची पानं, नारळाचं दूध, भोपळा, सगळं घोटून. मी पहिल्यांदा खाल्लं आणि डोळ्यांत पाणी आलं. लग्नाच्या पंगतीतलं अळूचं फदफदं, फक्त दाणे आणि मुळा विसरलेले.

अनू_मॉन्ट्रियल

रश्मी, दोघांचंही बरोबर. कॅरिबियनमध्ये एकच शब्द बेट बदललं की भांडं बदलतो. त्रिनिदादला कालालू म्हणजे अळूच्या पानांचं (आणि त्यातही भेंडी घालतात, तुझ्या शेजारणीला विचार), जमैकात ती चक्क माठासारखी पालेभाजी, आणि हैतीत कालालू म्हणजे भेंडीच. अमेरिकेतल्या लुइझियानाचा गंबो नावाचा दाट रस्सा आहे ना, तो शब्दही आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आलेला. भेंडी आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर तिकडे पोचली आणि तिला शिजवायची पद्धतही त्यांच्याचबरोबर गेली.

आमच्या सँ-मिशेल भागात हैतीची खूप कुटुंबं आहेत, माझी आधीची घरमालकीण जेरेमीची. जेरेमी म्हणजे हैतीचं पार नैर्ऋत्येचं टोक, ग्रांदांस विभाग. तिथली खासियत 'तोमतोम'. ट्रॉलीवाला, तुमच्या मातांतला याबद्दल नक्की विचारा. ब्रेडफ्रूट उकडून, लाकडी उखळात गरम असतानाच कुटून त्याचा गुळगुळीत गोळा करायचा. हातानं तुकडा तोडायचा, कालालूत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. मी पहिला घास चावला तर अख्खं टेबल हसलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे: तार नसेल तर तो गोळा घशाखाली उतरणारच नाही. चिकटपणा हे त्या जेवणाचं वंगण आहे.

वेंगुर्लेकर

ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस!!! आमच्या परसात झाड आहे. आम्ही काप करतो, तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून, तव्यावर. फणसाचाच भाऊबंद, पण गरे नाहीत, सगळा गर बटाट्यासारखा. कुटायचं कधी डोक्यातच आलं नाही. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, 'कुटतत? दात नाय काय त्यांका?'

बेळगावचा_बंड्या

न चावता गिळणे हे काही जगावेगळं नाही. आमच्या खाली कर्नाटकात रागी मुद्दे तसंच खातात. गोळा सारात बुडवायचा आणि गटकन आत. मी बंगळूरला पहिल्या दिवशी चावत बसलो, दाताला सगळं चिकटलं, ऑफिसातले म्हणाले, च्युइंगम आहे का? तिथे सार पातळ असतं, इथे भेंडी. तत्त्व तेच.

एकरभर_भेंडी

शहरातले लोक भेंडीवर एवढं बोलतात हे बघून बरं वाटलं. मी चोपडा तालुक्यातला, उन्हाळी भेंडी करतो. एक दिवसाआड तोडा. दोन दिवस चुकले की शेंग जून होते, नखानं मोडत नाही, मग व्यापारी क्रेटमधून बाजूला फेकतो. तोडताना बारीक लव अंगाला लागते, कोपरापर्यंत खाज सुटते, म्हणून बाया जुने पायमोजे हातात घालतात. केवडा रोग आला की पानांच्या शिरा पिवळ्या आणि शेंगाही पिवळट. आमच्या वडिलांच्या वेळी परभणी क्रांती ही जात आली तेव्हा जरा उसंत मिळाली, आता संकरित बियाण्यांचं राज्य. जगात सगळ्यात जास्त भेंडी भारतात पिकते आणि तिचा भाव पडला की मी ती म्हशीला घालतो. म्हैस तारेबद्दल तक्रार करत नाही.

मेघना_ठाणे

म्हैस! हसून हसून पुरेवाट! दादा, तुमच्यासमोर माघार.

मुंबैकर_मन्या

अवांतर: भेंडी बाजारात भेंडी मिळते का?

अरुण_डोंबिवली

तिथे भेंडीची झाडं होती, म्हणजे भाजीची नव्हे, पिंपळासारख्या पानांचा तो वृक्ष, त्यावरून नाव पडलं असं एक म्हणणं. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून साहेबाचं 'बिहाइंड द बझार' आणि त्याचं भेंडी बाजार, हे दुसरं. दुसरं ऐकायला जास्त मजेदार असल्यामुळे मला त्याचाच जास्त संशय येतो. आणि तो वृक्षही जास्वंदीच्याच कुळातला बरं का.

सात्त्विक_सदाशिव

धागाकर्त्यानं 'मांसाचे तुकडे' असं मोघम लिहिलंय. ते बीफ असतं. ऐन श्रावणात असले धागे कशासाठी? स्वस्त म्हणून काहीही खायचं का?

ट्रॉलीवाला

हो, बीफ असतं, बहुतेक वेळा सोबत खेकडा. लपवायचा हेतू नव्हता. आणि योगायोग म्हणजे श्रावणाचीच गोष्ट सांगायची राहिली होती.

मी एरवी सगळं खातो, पण श्रावण आईसाठी पाळतो. इथली भेंडी नेमकी श्रावणात येते, ही माझी दरवर्षीची अडचण. मागल्या वर्षी धीर करून मातांतला विचारलं, 'सां व्यान?' म्हणजे मांसाशिवाय मिळेल का. तिनं डाव खाली ठेवला. 'ऊ मालाद?' आजारी आहेस का? मी म्हटलं, नाही, आमचा एक महिना असतो, आईला शब्द दिलाय. आईचं नाव काढल्यावर प्रश्न मिटला. तिच्या गिऱ्हाइकांत ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे काही जण आहेत, त्यातले दोघे मांस खात नाहीत. त्यांच्यासाठी ती बुधवारी एक लहान पातेलं वेगळं लावते. तेव्हापासून बुधवारच्या पातेल्यात तिसरा वाटेकरी मी. तांदूळही कधी चरबीवर परततात, म्हणून माझ्यासाठी साधा पांढरा भात. ज्यांना हे पाळायचंय त्यांनी हैतीच्या कुठल्याही खाणावळीत भाताबद्दल आणि 'लेगीम' नावाच्या वांगं-कोबीच्या भाजीबद्दल आवर्जून विचारावं. नावात भाजी असली तरी आत मांस निघतं.

कोथरूडची_काकू

सदाशिवराव, पोरगं परदेशात राहून श्रावण पाळतंय, तुम्ही त्याला झोडपताय. मी तर म्हणते ते बुधवारचं पातेलं आपल्या ऋषीच्या भाजीच्या जवळचं आहे. भेंडी, अळू, भोपळा, माठ, कणसं, सगळं एका पातेल्यात आणि फोडणी नाही. त्या भाजीतली भेंडी कुणी पुसून घेतं का? तारेसकट शिजते आणि सगळे मिटक्या मारतात. मेघना, तूही खात असशील.

मेघना_ठाणे

खाते. :( पण त्यात चिंच असते.

तिखटजाळ

फोटो अजून नाही. निदान कृती तरी द्या.

ट्रॉलीवाला

मातांत मापं देत नाही, बघून लिहितोय.

आधी एपिस. हे त्यांचं हिरवं वाटण, फ्रिजमध्ये बरणी भरून कायम तयार. कांद्याची पात, लसूण, पार्सली, थाइम, ढोबळी मिरची, लिंबू, थोडं तेल. आपल्या आलं-लसूण-कोथिंबिरीच्या वाटणाचं चुलत भावंडं. मांस घ्यायचं तर ते लिंबानं चोळून धुऊन, एपिस लावून रात्रभर. मग तेलात लालसर परतून, टोमॅटोची पेस्ट घालून, पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवायचं. मांसाशिवाय करताना ती एपिस तेलात बराच वेळ परतते आणि पालक नि वांगं घालते. भेंडीच्या पातळ चकत्या शेवटी, पंधरा-वीस मिनिटं. झाकण ठेवून! मी हे बघत होतो आणि मला आईचा आवाज ऐकू येत होता.

वर एक अख्खी मिरची तरंगत सोडायची, पीमां बूक म्हणतात तिला, लहान भोपळीसारखी दिसते आणि जाळते. ती फुटू द्यायची नाही. वाढायच्या आधी अलगद उचलून बाजूला. सोबत पिकलीझ: कोबी, गाजर, कांदा आणि त्याच मिरच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या. आंबट इथे आलं बघा, मेघनाताई. पातेल्यात नाही, ताटात.

वसईचा_विन्सी

रविवारी केलं. चिंबोऱ्या मिळाल्या होत्या चांगल्या भरलेल्या, भेंडी पाव किलो. घरात वेलची मिरची होती, तीच अख्खी सोडली. बायकोला कल्पना नव्हती, तिनं डाव फिरवताना बुडाशी दाबली. पुढचा अर्धा तास घरात कोणी बोलत नव्हतं, फक्त नाकं ओढत होते. पण सांगतो, चिंबोरीचा रस आणि भेंडीची तार एकमेकांसाठीच आहेत. नांगीतून चोखताना रस खाली गळत नाही! पोरानं बोटं चाटली. पुन्हा करणार, बायकोला पूर्वसूचना देऊन.

पैचा_हिशेब

'स्वस्त' या शब्दाबद्दल कोणीच बोलत नाही. स्वस्त का? घरचीच माणसं राबतात, पगार धरत नाहीत म्हणून. आपल्याकडच्या पोळीभाजी केंद्रांचंही तेच. आपण 'गल्लीतलं स्वस्त' म्हणून कौतुक करतो आणि दहा रुपये वाढवले की केंद्र बदलतो.

ट्रॉलीवाला

मान्य. मातांतची मुलगी दिवसा हॉस्पिटलात नोकरी करते आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसते. जूनमध्ये एक डॉलर वाढवला तेव्हा मातांत आठवडाभर प्रत्येकाला कारण सांगत होती, कोणी मागितलं नसताना.

अनू_मॉन्ट्रियल

स्वस्ताईवरून आठवलं. त्या ताटातल्या भाताचीही एक गोष्ट आहे. हैतीत आर्तिबोनित खोऱ्यात तांदूळ पिकतो. १९९५ मध्ये तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं आणि अमेरिकेचा सरकारी मदतीवर पिकलेला स्वस्त तांदूळ येऊन पडला. लोक त्याला 'मियामी तांदूळ' म्हणतात. स्थानिक शेतकरी उठला तो उठलाच. बिल क्लिंटननी २०१० मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे ही चूक होती असं कबूल केलं. माझी घरमालकीण भात वाढताना दर वेळी म्हणायची, हा आमचा नाही. पण खायची. एकरभर_भेंडी यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एकरभर_भेंडी

नको ताई. समजलं.

रश्मी_टोरांटो

शेजारणीला विचारलं. म्हणाली, भेंडीशिवाय कालालू कसं होईल? तीन वर्षं मी भेंडी खात होते आणि मला पत्ता नव्हता. मेघना, घोटलेली असली तर कळत नाही गं.

मेघना_ठाणे

ठीक आहे. मीही केलं. मांस-खेकडा नाही, एपिसच्या ऐवजी आपलं हिरवं वाटण, पालक घालून, झाकण ठेवून. नवरा म्हणाला छान. मला पहिले चार घास जमलं, पाचव्याला तारेनं घात केला. मग लिंबू पिळलं आणि वाटी संपवली. मत बदललेलं नाही, नोंद घ्यावी. लिंबू पिळल्यावर बदलतं.

ट्रॉलीवाला

बऱ्याच दिवसांनी येतोय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

सप्टेंबरात एका शनिवारी मातांत बाजारात भेटली. इथल्या शेतकरी बाजारात एक मुलगी भेंडी विकायला बसते. मातांत एकेक भेंडी उचलून शेंडा कट्कन मोडत होती. मोडली तर पिशवीत, वाकली तर परत ढिगात. मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मंडईत आईला 'मोडू नका हो बाई' म्हणणारी भाजीवाली आठवली आणि मी बाजूला उभं राहून हसत सुटलो. मातांतनं विचारलं काय झालं, मला सांगता येईना.

त्या आनंदात दुसऱ्या दिवशी मी भरली भेंडी केली. सगळं साग्रसंगीत: पुसून, वाळवून, दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला, आमसुलाची भुकटी. एक तार नाही. डबा घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं एक भेंडी उचलली, उलटसुलट बघितली, खाल्ली. मसाला आवडला, बोट लावून पुन्हा चाखला. मग म्हणाली, 'सेश.' कोरडी आहे. आणि मी काही बोलायच्या आत घेवड्याच्या रसाचा एक डाव माझ्या भरल्या भेंडीवर ओतला. स्वतः भातावर घेऊन खाल्ली, डबा धुऊन परत दिला, त्यात तळलेली केळी.

आईला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'आमसूल जास्त झालं असेल, म्हणून ओतला असेल.'

परवा पहाटे दव गोठलं. फळा पुसलाय.

तिखटजाळ

फळ्याचा तरी फोटो?

नवा_सभासद

उशिरा आलो, पूर्ण धागा वाचला नाही. इथे डॅलसला फ्रोझन भेंडी स्वस्त मिळते. त्याचं कालालू होईल का?

ट्रॉलीवाला

होईल. वितळू देऊ नका, तशीच उकळत्या रसात टाका. मातांतच्या मते फ्रोझन भेंडी म्हणजे पाप, म्हणून फळ्यावर येत नाही. पण हिवाळ्यात घरी ती तीच वापरते, हे तिच्या मुलीनं गल्ल्यावरून हळूच सांगितलंय. इथलं कोणी मॅटापॅनला आलात तर बोलू नका.